भोजराजने दिलेले पन्नास फूट

एकोडीच्या तलावाखाली धानाच्या बांध्या आहेत, म्हणजे बांध घातलेली लहान लहान शेतं. दर पावसाळ्यात त्या बांध्यांना पाणी वाटायचं काम भोजराज कापगते करायचा. हातात काडी घेऊन बांधीत उतरायचा, काडी पाण्यात उभी धरायची, ओल्या खुणेला बोटं लावून मोजायचं आणि मोजून झालं की पाट बंद. अर्धं बोट जास्त मागितलं तरी देत नसे. गावातली पोरं त्याला मागून ‘सरकारी बोट’ म्हणायची. मोठी माणसंही काही कमी नव्हती. हा इतका ताठ कसा, असं बाहेरगावचे विचारायचे आणि गावातले खांदे उडवायचे. त्यांना ठाऊक असून सांगायचं नसायचं, कारण सांगायला गेलं तर ज्याला त्याला आपण तेव्हा काय बोललो होतो ते आठवायचं.

मी सांगू शकतो. मी सोमाजी. चौथीपर्यंत भोजराजच्या शेजारी बसलो, पुढं बावीस वर्षं साकोलीच्या पोस्टात तारा पाठवल्या आणि ट्रंक कॉल जोडले. या गोष्टीत एक गुन्हा माझाही आहे, तोही सांगणार आहे. तेवढ्यापुरता तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

पाणी वाटायचं काम आधी भोजराजचा बाप यादोराव करायचा. आमच्याकडची रीत अशी: प्रत्येक बांधीला चार बोटं पाणी, लहान असो की मोठी. सगळ्यात शेवटची बांधी सत्यभामाबाईची. नवरा नाही, मूल नाही, जमीन तेवढीच. यादोराव तिच्या बांधीपाशी आला की काडी थोडी वर धरायचा आणि सहा बोटं पाणी जाऊ द्यायचा. कुणी विचारत नसे, तोही बोलत नसे. भोजराज लहानपणापासून बापाच्या मागं बांधावर उभा राहून हे बघायचा. त्यातून तो एक गोष्ट शिकला: शेवटी उभा असलेल्या कमजोर माणसाला दोन बोटं जास्त द्यायची आणि गाजावाजा करायचा नाही. चांगलीच गोष्ट शिकला, असं मलाही वाटायचं.

मॅट्रिक झाल्यावर भोजराज हवाई दलात रेडिओ मेकॅनिक म्हणून भरती झाला. नऊ वर्षांनी सुटला आणि एका विमान कंपनीच्या शिक्षणकेंद्रात लागला. कंपनीचं नाव आणि शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं चौऱ्याहत्तर साली परदेशातून एक यंत्र आलं. जमिनीवरून न हलता विमान उडवायला शिकवायचं यंत्र. सिम्युलेटर म्हणतात त्याला. भोजराज त्याचा रखवालदार, वैद्य, सगळं काही.

एकोणऐंशी साली मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यानं मला ते दाखवलं. पुढं विमानाचं नाक, आत खऱ्यासारख्या दोन खुर्च्या, शंभर घड्याळं. मागच्या मोठ्या खोलीत भिंतीएवढा एक फळा उभा. त्यावर रंगवलेली शेतं, रस्ते, इवलीशी धावपट्टी आणि तिचे दाण्याएवढे दिवे. त्या फळ्यावरून एक कॅमेरा सरकतो आणि त्याला जे दिसतं ते पायलटला समोरच्या काचेत दिसतं. धावपट्टीच्या अलीकडची शेतं बघून मी थबकलो. सगळ्या बांध्या होत्या, लहान लहान, वाकड्यातिकड्या, आणि वरच्या अंगाला एक तलाव.

‘‘हे तं एकोडी हाय,’’ मी म्हणालो.

‘‘रंग उडाला होता. साहेब म्हणले, रंगव. मले दुसरं काही रंगवता येत नाही,’’ भोजराज म्हणाला. जगातले मोठमोठे पायलट एकोडीच्या बांध्यांवरून खाली उतरत होते आणि एकोडीत कुणाला पत्ता नव्हता.

मग त्यानं मला खुर्चीत बसवून ‘मिनिमम’ समजावलं. हे नीट समजलं तरच पुढचं समजेल. ढगांतून उतरताना पायलटला बाहेरचं काही दिसत नाही. समोरच्या घड्याळातले दोन काटे मधोमध धरायचे, एवढंच त्याच्या हातात. असं आंधळेपणानं किती खाली यायचं, ते आधीच ठरलेलं असतं. त्या वेळच्या त्या विमानासाठी धावपट्टीच्या वर दोनशे फूट. उतरायच्या आधी पायलट उंचीच्या घड्याळावर एक छोटी खूण दोनशेवर लावून ठेवतो. तिथं पोचलं की दिवा लागतो आणि शेजारचा पायलट मोठ्यानं म्हणतो, ‘मिनिमम’. त्या क्षणी धावपट्टीचे दिवे दिसत असतील तर उतरायचं. दिसत नसतील तर इंजिनांना जोर देऊन वर निघून जायचं. आणखी थोडं बघू, आत्ता दिसतील, असं करायचं नाही. एक फूटही नाही.

‘‘दोनशे फूट उतराले नसते, सोमा,’’ तो म्हणाला. ‘‘परत फिराले असते. लोकाईले हेच समजत नाही.’’

हे वाक्य त्यानं मला सांगितलं होतं, म्हणजे त्याला ते ठाऊक होतं. पुढं जे झालं ते अज्ञानानं झालं असं मी कधीच म्हणणार नाही.

ढग किती उंचीवर फुटायचे हे मागच्या टेबलावरच्या बटणानं ठरायचं. परीक्षक म्हणायचा, ढग दोनशेवर ठेवा, आणि बटण दोनशेवर फिरवायचा. पण ते बटण खरं बोलतंय की नाही हे कपाटातल्या एका स्क्रूवर होतं आणि तो स्क्रू भोजराजच्या हातात होता. अर्धा फेरा फिरवला की बटणावर दोनशे दिसायचे आणि ढग अडीचशेवरच संपायचे.

एक्याऐंशी साली तिथं गोपीचंद आला. लाखांदूरच्या कापडदुकानदाराचा मुलगा. नागपूरला विमान शिकला, सात वर्षं दुसऱ्या खुर्चीत बसून उडाला आणि आता कॅप्टन व्हायच्या परीक्षेला बसत होता. दोनदा नापास झाला होता. तिसरी संधी शेवटची. भोजराजला त्याची बोली ऐकून कोण आनंद झाला. सातशे किलोमीटरवर कुणी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणालं की माणूस तिथंच विरघळतो. भोजराज त्याला घरी जेवायला नेऊ लागला. शकुनबाई, म्हणजे भोजराजची बायको, त्याला आग्रह करून वाढायची.

गोपीचंदचा दोष असा होता की तीनशे फुटांपर्यंत त्याच्यासारखा पायलट नव्हता. तीनशेच्या खाली त्याचा हात कापायचा. तो काट्यांवरची नजर काढून बाहेर दिवे शोधायचा आणि तेवढ्यात काटे सुटायचे. एक दिवस तो यंत्रातून उतरला आणि मागच्या खोलीत त्या फळ्यासमोर जमिनीवर बसला. ‘‘मायनं सगळ्या लाखांदुरात सांगून ठेवलं, पोरगा कॅप्टन झाला म्हणून,’’ तो म्हणाला. ‘‘मी कोण्या तोंडानं जाऊ, भोजराजभाऊ?’’

दुसऱ्या दिवशी त्याच्या सरावाआधी भोजराजने स्क्रू अर्धा फेरा फिरवला. सराव संपल्यावर मूळ जागी केलेल्या पेन्सिलच्या खुणेवर परत आणला. सहा आठवडे हेच चाललं. गोपीचंदला दिवे दरवेळी पन्नास फूट आधी दिसायचे, त्याचा हात स्थिर व्हायचा आणि विमान लोण्यासारखं टेकायचं. परीक्षेच्या दिवशी स्क्रू मूळ जागी ठेवायचा, असं भोजराजने ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळी गोपीचंदचा चेहरा बघितला आणि ठेवला नाही.

परत फिरण्याचीही परीक्षा असते. ती परीक्षकानं वेगळी घेतली: धावपट्टीवर गाडी आलीय, परत जा, असं तोच ओरडला. गोपीचंद छान परत गेला. म्हणजे हा माणूस हुकूम मिळाल्यावर परत फिरला होता. स्वतःच्या डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून स्वतः होऊन तो त्या सहा आठवड्यांत एकदाही फिरला नव्हता. कारण दिवे दरवेळी आले होते.

तो पास झाला. लाखांदुरात बँड लावून मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरवर गोपीचंद, शेजारी त्याची आई कुंताबाई, पायाशी पेढ्यांच्या पाट्या. मीही साकोलीहून बस पकडून गेलो होतो, खोटं कशाला बोलू. भोजराजला त्या दिवशी रजा मिळाली नाही. मी पत्रात सगळं वर्णन लिहिलं, तर त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: त्याची तब्येत कशी आहे, झोप लागते का, ते विचार. मला वाटलं, काय हा माणूस, पेढे मागायचे सोडून तब्येत विचारतोय.

ब्याऐंशीच्या डिसेंबरात भोजराज धान चुरायला, म्हणजे मळणीला, महिन्याच्या रजेवर गावी आला होता. गोपीचंदचं एक पत्र त्याच्या केंद्रावरून फिरत फिरत साकोलीला आलं. मी ते संध्याकाळी घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना सायकल भोजराजच्या खळ्यावर थांबवून त्याच्या हातात दिलं. धानाच्या पुंजण्याच्या सावलीत यादोराव बसला होता, शकुनबाई सूप घेऊन उभी होती. भोजराजने पत्र वाचलं आणि खाली बसला. मग माझ्याकडं दिलं.

मजकूर आनंदाचा होता. कॅप्टनची पट्टी लागून वर्ष झालं. आता धुक्याच्या दिवसांत महिनाभर उत्तरेकडची ड्युटी मिळाली. खाली लिहिलं होतं: ‘‘परवा दोनशेला काहीच दिसलं नाही. बाजूचा पोरगा परत चला म्हणत होता. मी तुमची मशीन आठवली. दिवे येतातच. थोडं खाली गेलो, एकशे साठला आले. आता मला भीती अशी वाटतच नाही, भोजराजभाऊ. हे तुमचे उपकार.’’

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा भोजराजने आम्हा तिघांना स्क्रूची गोष्ट सांगितली. सांगताना त्याची नजर पूर्णवेळ जमिनीवर होती.

‘‘मी त्याले पन्नास फूट देल्ले नाही,’’ तो म्हणाला. ‘‘मी त्याचं परत फिरणं काढून घेतलं. त्याले मालूमच नाही का दिवे येत बी नसतात. मांगं शंभर माणसं बसली राहतात, सोमा.’’

यादोराव तेव्हा सत्तरीच्या पुढं होता. त्याला विमान समजलं नसेल, पण दोन बोटं समजली. ‘‘तू हे कोठून शिकला?’’ त्यानं विचारलं.

‘‘तुमच्याचपासून. सत्यभामाबाईले देत होते ना तुमी.’’

‘‘मी तिले काही देत नव्हतो, बाबू,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘शेवटच्या बांधीवर ऊन जास्त, जमीन रेताड. दोन बोटं पाणी जमीनच पेते. सहा देल्ले तं चार उरते. तो हिसाब होता. तुहा पायलट दोन बोटं कोठं पेत होता, मले सांग.’’

भोजराजचा चेहरा मी विसरणार नाही. तीस वर्षं ज्याला तो बापाची माया समजत होता ती माया नव्हती, माप होतं.

शकुनबाईनं सूप खाली ठेवलं. ‘‘सांगतलं तं नोकरी जाईन?’’

‘‘जाईन.’’

‘‘मंग जाऊ द्या,’’ ती म्हणाली. ‘‘पर त्याच्या मायले काय सांगसान?’’

भोजराजने सायकल काढली आणि आम्ही दोघं साकोलीला निघालो. वाटेत मी त्याला जेवढं बोलता येईल तेवढं बोललो. मी म्हणालो, चूप राह, पत्र चुलीत टाक. तो पास झाला, वर्षभर उडाला, काही झालं का? तू त्याला एक समजुतीचं पत्र लिही, बस. आपल्या जिल्ह्याचा पहिला पोरगा आहे, लोक म्हणतील जळतो. तुझ्या दोन पोरी लग्नाच्या आहेत. तो फक्त पायडल मारत होता आणि मध्येच आभाळाकडं बघत होता. उत्तरेत धुकं असणार आणि आमच्याकडं लख्ख ऊन होतं. त्या उन्हाचाच त्याला राग येत असावा.

साडेदहाला पोस्टात पोचलो. ट्रंक कॉल लावला तर नागपूरच्या पुढची लाइन संध्याकाळपर्यंत बंद. मग तो तारेचा कागद घेऊन उभ्यानेच लिहायला लागला. इंग्रजीतल्या त्या मजकुराचा अर्थ असा होता: कॅप्टन गोपीचंदची परीक्षा खोटी आहे. ढगांची उंची मी पन्नास फूट वाढवली होती. तो मिनिममच्या खाली उतरतो आहे. त्याला आज विमानावर पाठवू नका. भोजराज कापगते. कागद माझ्या हातात देऊन तो बाहेर चहाच्या टपरीवरच्या बाकावर जाऊन बसला.

आता माझा गुन्हा सांगतो. मी ती तार पाठवली नाही. पेपरवेटखाली ठेवली. मला वाटलं, दोन तास थंड होऊ दे, स्वतःच येऊन परत मागेल आणि माझे पाय धरेल. मी बाकीच्या तारा पाठवल्या. कुणाचा तरी भाऊ मेला होता, कुणाचं तरी लग्न ठरलं होतं. खिडकीतून भोजराज दिसत होता. चहा तसाच गार झाला होता. दर थोड्या वेळानं तो हाताच्या घड्याळाकडं बघायचा. मला खरोखर वाटत होतं की मी मित्राचं भलं करतोय.

साडेबाराला तो खिडकीशी आला. ‘‘किती वाजता गेली?’’

मला थाप मारता आली असती. तोंड उघडलंही होतं. पण त्याची नजर पेपरवेटखालच्या कागदावर गेली आणि त्यानं स्वतःचं अक्षर ओळखलं. मला वाटलं, आता काच फोडून माझा गळा धरतो. तसं काही झालं नाही. त्याचा आवाज फारच बारीक झाला होता.

‘‘तू बी?’’ तो म्हणाला. ‘‘तू बी देल्ले मले दोन बोटं?’’

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच दोन प्रश्न आहेत. मी तार लावली. तो दार ढकलून आत आला, नियम मोडून माझ्या मागं उभा राहिला, आणि एकेक अक्षर जाताना ऐकत राहिला. हवाई दलात शिकला होता, त्याला खडखडाट समजत होता. शेवटचं अक्षर गेल्यावर म्हणाला, ‘‘या दोन तासांत ते विमान निंघालं असन तं?’’ दुपारभर आम्ही दोघं पोस्टाच्या ओट्यावर बसलो. रेडिओच्या बातम्या लागल्या की तो उठून पानठेल्याकडं जायचा, अपघाताची बातमी नाही हे ऐकायचा, आणि परत येऊन बसायचा. मी देवाला मानतो की नाही हे मला त्या दिवसापर्यंत नक्की ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला उत्तर आलं. गोपीचंदला उड्डाणावरून काढलं आहे, तुम्ही ताबडतोब हजर व्हा. तार माझ्याच हातानं उतरवली. कागद भोजराजला दिला तेव्हा त्यानं तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि गाडीची वेळ विचारली.

मी त्याला सोडायला वरठीच्या भंडारा रोड स्टेशनपर्यंत गेलो. तिथं गाडीची वाट बघताना तो एवढंच म्हणाला, ‘‘ढग आता मलेच लावा लागते, सोमा. ती मशीन दुसऱ्या कोणाले येत नाही.’’

तसंच झालं. चौकशीच्या साहेबांनी गोपीचंदची फेरपरीक्षा घ्यायचं ठरवलं आणि स्क्रू भोजराजच्या हातानं, साक्षीदारांसमोर, मूळ खुणेवर आणला. ढग पार जमिनीपर्यंत लावले. म्हणजे दोनशेला काहीच दिसणार नव्हतं, परत फिरणं एवढंच उत्तर होतं. हे गोपीचंदला सांगितलेलं नव्हतं. ही हकीकत भोजराजने मला एकदाच सांगितली आणि परत कधी विचारू नको म्हणाला.

पहिल्या वेळी दिवा लागला, ‘मिनिमम’ म्हटलं गेलं, गोपीचंद खाली जात राहिला. एकशे वीसला साहेबांनी यंत्र थांबवलं. दुसऱ्या वेळी नव्वदला. तिसऱ्या वेळी साहेबांनी थांबवलं नाही. मागच्या खोलीत भोजराज फळ्याजवळ उभा होता. त्याला कॅमेरा फळ्याच्या जवळ जवळ येताना दिसत होता, त्यानंच रंगवलेल्या बांध्यांवरून, तलावाच्या पाळीवरून. फळ्याला भिंग घासू नये म्हणून जी कळ असते ती पडली आणि समोरचं सगळं चित्र काळं झालं. मग दार उघडून गोपीचंद बाहेर आला. त्याला अजून काही समजलं नव्हतं. तो भोजराजला म्हणाला, ‘‘दिवे कोठं हायेत, भोजराजभाऊ? आज दिवे काहून नाही आले?’’

भोजराजची नोकरी गेली. त्याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही. गोपीचंदला जमिनीवरचं काम देऊ केलं होतं, ते त्यानं घेतलं नाही. तो लाखांदूरला परतला आणि बापाच्या कापडदुकानात बसला.

लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. जळला, पोराच्या पाठीत सुरा खुपसला, स्वतः मेकॅनिकच राहिला म्हणून दुसऱ्याला खाली ओढलं. एकोडीतही असंच म्हणायचे, आणि मी चारचौघांत कधी उठून खरं सांगितलं नाही, कारण मग तारेचं सांगावं लागलं असतं. नोकरी जपली मी माझी.

फेब्रुवारीत कुंताबाई आली. लाखांदूरहून साकोली, साकोलीहून एकोडी, दोन बस बदलून. भोजराजच्या ओसरीवर चप्पल घालूनच चढली. शकुनबाईनं पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. ‘‘माह्या पोराले तू वरून खाली ओढलं,’’ ती भोजराजला म्हणाली. ‘‘तुह्या घरी जेवला होता तो. तुले मान वर कराले जमू नये कधी.’’ भोजराज हात जोडून उभा होता. त्यानं सांगायचा प्रयत्न केला नाही. काय सांगणार होता? झालेला अपघात दाखवता येतो. न झालेला कुठं दाखवायचा? कुणाला तरी वाचवलं असं भोजराजला स्वतःलाही कधी म्हणता आलं नाही. त्याला तेवढंच ठाऊक होतं की एक धडधाकट माणूस त्यानं दोनदा मोडला, एकदा मायेनं आणि एकदा खरं बोलून.

त्या पावसाळ्यात यादोराव गेला आणि काडी भोजराजकडं आली. बाकीच्यांना चार, सत्यभामाबाईला सहा. काही जण म्हणायचे, तिला देतोस मग आम्हाला का नाही? तो बापाचं वाक्य सांगायचा, जमीन पेते, आणि पाट बंद करायचा. तिच्यासाठीही सहाचं साडेसहा होऊ देत नसे. मान मात्र खरंच वर करत नसे. नागपूरकडं जाणारं विमान वरून गेलं की सगळं गाव बघायचं आणि हा बांधीतल्या पाण्याकडं बघत उभा राहायचा.

पाच वर्षं अशी गेली. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात एक दिवस भरदुपारी मी पाळीवर त्याच्याशी बोलत होतो, तेव्हा शकुनबाई एका म्हातारीला घेऊन बांधावरून येताना दिसली. कुंताबाई होती. पार वाकली होती, छत्रीची काठी करून चालत होती. भोजराज बांधीतच उभा राहिला, काडी हातात.

‘‘तुहं तोंड पाहावंसं वाटत नाही अजून,’’ तिनं सुरुवातच अशी केली. दम लागला होता म्हणून थांबली. ‘‘मांगच्या हप्त्यात पेपरात होतं. कोण्या मुलखात एक विमान धुक्यात पडलं. पट्टीच्या अलीकडं. गोपीचंदनं दुकानात वाचलं. शटर लावून घरी आला. तीन दिवस गेला नाही दुकानात.’’

भोजराज दोन पावलं बांधाकडं सरकला.

‘‘चौथ्या दिवशी मले म्हणे, माय, तो पायलट दिवे पाहात होता. मी बी असाच गेलो असतो.’’ तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘त्याले अजून तुहं नाव घेतलेलं चालत नाही. मी येथं आली हे त्याले मालूम नाही. मी माफ कराले नाही आली. पर मी तुले जे बोलली होती, ते परत घेऊन जातो म्हटलं. माहा पोरगा रोज दुपारी घरी जेवाले येते. एवढंच सांगाले आली.’’

भोजराजच्या हातातली काडी पाण्यात पडली. तो गुडघ्याएवढ्या धानात उभा राहून रडायला लागला, आवाज करून, लहान पोरासारखा. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी, शकुनबाई, कुणीच पुढं झालो नाही. बऱ्याच वेळानं त्यानं ओल्या हातानंच तोंड पुसलं आणि मान वर करून कुंताबाईकडं बघितलं.

‘‘आज जेवला काय, मावशी?’’ त्यानं विचारलं.

‘‘जेवला,’’ ती म्हणाली. ‘‘त्याले वाढूनच निंघाली मी.’’